फलाट क्रमांक चारवर गार्गी

१८ जानेवारी

नाव ठेवले. कोणालाही ऐकू गेले नाही!

सुतकामुळे राहून गेलेले बारसे आज हुडकेश्वरला, आमच्याच घरी झाले. दादाची मुलगी आता तीन महिन्यांची आहे. आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा. मान कसला, परीक्षाच! एम.ए.ला विद्यापीठात पहिली आले, तेव्हाही सत्काराचे उत्तर मी दोन वाक्यांत उरकले होते आणि तीही पहिल्या रांगेच्या पुढे गेली नव्हती. आज पाळण्यावर वाकले. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले. मी बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' केले आणि म्हणाले – गार्गी.

"काय म्हणाली?" – "काही म्हणाली का?" – मागून.

वहिनीची आई, रामटेकच्या सत्यवतीबाई, मोठ्याने म्हणाल्या, "आवं आत्याबाई, आम्हाले तं नाहीच आलं ऐकू, लेकराच्या कानात तरी गेलं का?"

हशा पिकला. माझे कान तापले. शेवटी दादानेच नाव पुकारले. दादा बसस्थानकावर गाड्या पुकारतो. सबंध गल्लीला कळले की मुलीचे नाव गार्गी.

बाळ मात्र शांत. हशा नाही, धपाटे नाहीत, दादाचा आवाज नाही – कशानेही दचकली नाही. सगळ्यांनी कौतुक केले. किती गुणी!

१९ जानेवारी

झोपेत हसली. आई म्हणते, सटवाई हसवते. काय सांगत असेल ती? मला फार उत्सुकता आहे.

४ फेब्रुवारी

गार्गीच्या उजव्या कानापाशी, जिथे कानाची वरची कड गालाला मिळते तिथे, सुईच्या टोकाएवढे छिद्र आहे. जन्मापासूनचे. आज मालीशवाल्या बाई न्हाऊ घालत असताना आईला ते पुन्हा दिसले आणि पुन्हा तोच विषय निघाला.

"ग्रहणात घरात बस म्हटलं होतं. बसली का? गेली ऑफिसात. दिवसभर स्टेपलर मारत होती! टोचायचं नाही, कापायचं नाही, इतकं साधं सांगितलं होतं."

हिमानीवहिनी दुपटी वाळत घालत होती. तिने ऐकले. एक दुपटे तिने तीनदा झटकले.

"आई, भोक पडलं तर पडलं," दादा म्हणाला. "पुढं डूल घालायला कामी येईल."

आईलाही हसू आले. विषय मिटला. पण वहिनीने नंतर ते छिद्र बोटाने हळूच चाचपून पाहिलेले मी पाहिले.

११ फेब्रुवारी

घरात खलबत सुरू आहे. वहिनीची रजा या महिनाअखेर संपते. तिची बँक सदरला. सकाळी नऊला निघायचे, संध्याकाळी साडेसहाला परतायचे. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. तिला बाळ उचलता येत नाही. सत्यवतीबाईंनी फोनवरून निकाल देऊन टाकला – "लेकरू रामटेकले द्या. चालाले लागली का घेऊन जा. हिमानी शनिवारी-रविवारी येत जाईन."

आई म्हणाली, बरोबर आहे. वहिनी ताटातला भात कालवत राहिली.

आणि दादा म्हणाला, "मी ठेवतो."

"काय ठेवतोस?"

"पोट्टी. दुपारपाळी मागून घेतो. सकाळभर मी, दुपारी ही आहेच." ही म्हणजे मी. माझे प्रबंधाचे काम घरीच चालते, म्हणून मी मोकळी समजली जाते.

आई हसून हसून कण्हू लागली. "तुला स्वतःचा मोजा सापडत नाही रे!"

दादा हसला नाही. मी त्याला इतके गंभीर एसटीचा संप झाला तेव्हाही पाहिले नव्हते. शेवटी तह झाला तो असा – रामनवमीपर्यंत दादाने सांभाळून दाखवावे. जमले नाही, तर रामनवमीला रामटेकला दर्शनाला जायचे आणि गार्गीला तिथेच ठेवून यायचे.

एवढा हट्ट कशासाठी? मुलगी त्याला आवडते, हे तर दिसतेच. पण हा हट्ट काही निराळा आहे.

२ मार्च

वहिनी गेली. रिक्षात बसेपर्यंत तिने मागे पाहिले नाही. बसल्यावर मात्र कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिली.

माझ्यासमोर प्रबंधाचे तिसरे प्रकरण उघडे होते. एक ओळही झाली नाही. एक पुरुष बाळाला न्हाऊ घालतो आहे, हे दृश्य मी पुस्तकातही वाचलेले नाही! दादाने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाटावर बसून पाय लांब केले, आणि मालीशवाल्या बाईंना पाहून शिकला होता तसे बाळाला नडग्यांवर पालथे घातले. तेल चोळताना जीभ दातांत धरलेली. पाण्यात आधी कोपर बुडवले.

"चला, चला, पुढे सरका. दारात उभं राहू नका. हात आत घ्या, मॅडम."

मॅडमने त्याच्या पायावर शू केली.

शेजारच्या यमुताई कुंपणावरून पाहत होत्या. "अगं बाई, गौरांग! बाईमाणूस नाही का घरात?"

"आहे ना, यमुताई. तिलाच न्हाऊ घालून राहिलो."

३ मार्च

लंगोट उलटा बांधला होता. गाडी फलाटावरच गळली, म्हणाला.

६ मार्च

शोध लागला!

सकाळी गार्गी झोपेना. आईने पलंगावर बसून पाळणागीत म्हटले. बाळ रडतच होते. मी माझ्या आवाजात म्हटले. ते आईलाही ऐकू गेले नाही. दादाला एकही गाणे येत नाही. त्याने सदरा काढला, तिला उघड्या छातीवर उपडे टाकले, हनुवटी तिच्या टाळूवर टेकवली, आणि कामावरच्या खर्जात सुरू केले –

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कामठी, कन्हान, मनसरमार्गे रामटेककडे जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे…"

गार्गी गप्प! डोळे विस्फारलेले, ओठ अर्धे उघडे, एक तळवा त्याच्या छातीवर पसरलेला. कन्हान येईपर्यंत पापण्या जड झाल्या. मनसरला मान कलंडली.

"रामटेकला पोचायच्या आधीच उतरली," दादा कुजबुजला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला मला नेमका शब्द सापडला नाही. अभिमान म्हणावे तर त्यात धास्ती होती.

९ मार्च

एक निरीक्षण. तेच शब्द, तोच आवाज – पण दादाने पाळण्याशेजारी उभे राहून म्हटले तर गार्गी रडतच राहते. छातीवर घेतले की तत्क्षणी शांत. असे का? स्पर्श पुरेसा म्हणावा, तर नुसते छातीवर घेऊन भागत नाही, बोलावेही लागते. दोन्ही हवे.

मी दादाला विचारले. "गाडी लागल्याशिवाय प्रवासी बसते का?" म्हणाला, आणि दुपटी आणायला गच्चीवर गेला. ती दुपटी मी सकाळीच आणली होती.

१२ मार्च

सत्यवतीबाई न कळवता आल्या! पहिल्या गाडीने. पिशवीत घरचा तांदूळ, जायफळ, बाळगुटी आणि लाकडी खुळखुळा. सरळ तपासणीच. बाळाच्या मानेखाली बोट घातले, बगला पाहिल्या, कानामागे वास घेतला.

"सोच्छ आहे," त्या नाराजीने म्हणाल्या.

गार्गी झोपली होती. दादा तिच्याकडे एकटक पाहत होता.

"जवाईबापू, निजल्या लेकराले असं टकमक पाहू नये. बापाची नजर लय लागते!"

त्यावर दादा वर्तमानपत्र आडवे धरून त्याच्या कडेवरून पाहू लागला. सत्यवतीबाईंनी ते वर्तमानपत्र ओढून घेतले.

बाळ उठले तेव्हा त्यांनी मागच्या बाजूने खुळखुळा वाजवला. खूप वाजवला. गार्गी समोरच्या पंख्याकडे पाहत राहिली.

"मस्तीत आहे. कोनाची पर्वा नाही पोट्टीले. बापावर गेली."

आई हसली. वहिनी बँकेत होती. दादा हसला, पण एका श्वासाने उशिरा. मला ते दिसले आणि तेव्हापासून काहीतरी टोचते आहे.

जाताना सत्यवतीबाई दारात मला म्हणाल्या, "वाईट नाही सांभाळून राहिला. पन माणूस आहे बाप्पा, किती दिवस करन? रामनवमीले पाहू."

१५ मार्च

दादा आंघोळीला गेला होता. गार्गी सतरंजीवर पालथी पडून स्वतःच्या मुठीचा अभ्यास करीत होती. मी तिच्या मागे उभी राहिले. स्टीलची वाटी फरशीवर टाकली.

आई आतून ओरडली, "काय पाडलंस गं?" यमुताईंचा कुत्रा भुंकला.

गार्गी मूठ पाहत होती.

दुसऱ्यांदा ताट टाकले.

मूठच.

मग मी न बोलता, आवाज न करता, तिच्याजवळ जाऊन फरशीवर हलकेच टाच आपटली. ती वळली! मला पाहून हसली – सगळ्या हिरड्यांनी.

तिला दादाचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्या छातीची थरथर तिला कळते.

१६ मार्च

लिहिवत नाही. बोलवत तर त्याहून नाही. मी बोलले तर काय काय होईल ते दिसते आहे. आई त्या छिद्राकडे बोट दाखवील, मग स्टेपलर, मग ग्रहण, मग वहिनी. आणि दादाची ती गाडी – त्याला वाटते की त्याच्या आवाजाने मुलगी शांत होते. तेही मीच काढून घ्यायचे?

पण न बोलून बाळाचे काय?

१८ मार्च

बोलले.

दादा गच्चीवर कूलरच्या टाटीला नवी वाळाची चटई लावत होता. गार्गी मोठ्या टोपलीत, डोक्याला कुंची. मी सगळे वाक्य मनात रचून गेले होते – कर्ता, कर्म, क्रियापद, सारे जागच्या जागी. प्रत्यक्षात म्हणाले, "दादा, ती वाटी…" आणि अडले.

तो मान न वळवता म्हणाला, "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"जे तुले सांगता येत नाही ते."

जानेवारीतच तो तिला मित्रांना दाखवायला डेपोत घेऊन गेला होता. एका चालकाने लाडाने, अगदी शेजारी, हॉर्न दाबला. फलाटावरची दुसरी दोन बाळे किंचाळली. गार्गी त्याच्या सदऱ्याचे बटण चोखत राहिली. "मी समजलो," दादा म्हणाला. "त्या दिवशी मी दोन गाड्या चुकीच्या फलाटावर पुकारल्या."

"मग सांगितले का नाहीस?"

"कोणाले? आईले? ती पहिले काय म्हणाली असती, तुले माहीत आहे. रामटेकले गेली असती तर तिथं कळलं असतं. तिथं चारचौघात थाळ्या वाजवल्या असत्या, अंगारे लावले असते, अन् हिमानीले उभ्या जन्माचं ऐकावं लागलं असतं. डॉक्टरच्या तोंडून आलं पाहिजे. सरकारी दवाखान्यात चोवीस तारीख भेटली. तोवर पोट्टी इथंच पाहिजे होती मले."

म्हणजे हट्ट होता तो हा! आणि मी त्याला बिचारा समजत होते.

"मग छातीवर घेऊन गाड्या का पुकारतोस?"

"समजली का तिले माझी गाडी?" त्याने पहिल्यांदाच वळून पाहिले. "मी पहिले पोटावर घेतली. मग पाठीवर. छातीवर सगळ्यात जास्त हलते."

मी विचारले, वहिनीला कधी सांगणार? तो टाटीची सुतळी बांधत राहिला. गाठ तीनदा सुटली. म्हणाला, "तू सोबत राहा. तुले शब्द येतात."

मला!

२० मार्च

दादाची आज साप्ताहिक सुटी. वहिनी बँकेतून आली, पाणी प्याली, आणि दादाने तिला स्वयंपाकघरात बोलावले. मी दाराशी. दादा, ज्याच्या आवाजावर अख्खे बसस्थानक हलते, तो भाजीची जुडी हातात घेऊन नुसता उभा. म्हणून मी सांगितले. हळू, पण पूर्ण.

वहिनी रडली नाही. ओट्याला टेकली. म्हणाली, "मीही तिच्या मागून टाळ्या वाजवून पाहिल्या होत्या. रजेवरून परत गेल्यापासून एकही कागद पिन केलेला नाही. शिपायाला करायला लावते. तो विचारतो, मॅडम, हाताला काही झालं का?"

तिलाही ठाऊक होते! तिघेही एका घरात, एकमेकांपासून लपवून तेच ओझे वाहत होतो. दादाने जुडी खाली ठेवली. मी बाहेर आले. कुकरच्या शिट्या मोजणारे त्या घरात कोणी उरले नव्हते. डाळीचा पार लगदा झाला.

२४ मार्च

दवाखाना. आईही आली. "नुसती तपासणी आहे, मग मला का नाही नेत?" म्हणून काठी टेकत रिक्षात बसली.

तपासणीसाठी बाळ झोपलेले हवे, म्हणे. गार्गी टक्क जागी. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "झोपवा, नाहीतर पुढची तारीख घ्या." दादाने इकडे-तिकडे पाहिले. ओसरीत बाकांवर गर्दी होती. त्याने सदऱ्याची बटणे काढली, तिला छातीवर घेतले, भिंतीकडे तोंड केले –

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे…"

सबंध ओसरीने माना वर केल्या. एक आजोबा पिशवी उचलून उभे राहिले, "रामटेकची आहे का गा?" त्यांच्या नातवाने त्यांना पुन्हा बसवले. या खेपेला गाडी रामटेकच्या पुढे गेली, तुमसरपर्यंत. मग गार्गी झोपली.

तारा लावल्या. पडद्यावर रेघा. आम्ही पाहत होतो आणि कोणालाच काही वाचता येत नव्हते.

डॉक्टर बाईंनी सावकाश सांगितले. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. वेळेवर आणलेत. आधी यंत्रे, मग गरज पडली तर शस्त्रक्रियेचा विचार. लगेच सगळे नीट होईल असे सांगत नाही. पण हे वय फार मोलाचे.

आईची नजर त्या छिद्राकडे गेली. तिथून वहिनीकडे. वहिनीने मान खाली घातली. आईचे ओठ हलले. आणि त्यांतून शब्द फुटण्याआधी कोणीतरी खोलीत मोठ्याने विचारले –

"डॉक्टर, ग्रहणात स्टेपलर वापरल्याने असे होते का?"

मीच होते ते. माझाच आवाज! दारातल्या शिपायानेही वळून पाहिले.

डॉक्टर बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी आईकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले आणि त्यांना समजले. "नाही," त्या आईला म्हणाल्या. "अजिबात नाही, आजी. कानाशी असं छिद्र पुष्कळ जणांना असतं. आईच्या हातून काहीच चुकलेलं नाही. लिहून देऊ का?"

परतताना रिक्षात, मानेवाड्याच्या चौकात आई म्हणाली, "मी असं म्हटलंच नव्हतं कधी."

मग तिने वहिनीच्या मांडीवरची दवाखान्याची पिशवी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. "जड आहे. दे इकडे."

पिशवीत एक दुपटे होते.

२७ मार्च, रामनवमी

रामटेक. ठरल्याप्रमाणे गेलो, ठरल्याप्रमाणे ठेवले मात्र नाही.

गडावर गर्दी, म्हणून आधी घरी. वहिनीने स्वतः सांगितले, तिच्या आईच्या डोळ्यांत पाहून. सत्यवतीबाई ऐकून पायरीवर बसल्या. मला वाटले, आता थाळ्या निघणार. त्या फक्त दादाला म्हणाल्या, "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"अन् मी खुळखुळा वाजवून राहिली होती, तवा बी?"

"हाव."

त्यांनी पदर तोंडाला लावला. नंतर हात पुढे केले. गार्गीला घेतले, आपल्या छातीशी धरले, आणि जराशा संकोचाने विचारले, "जवाईबापू, कोनती गाडी लावू हिले?"

"तुमच्या गावाहून नागपूरची लावा."

त्यांना शब्द येईनात. मनसर आणि कन्हान यांची अदलाबदल झाली. गार्गीने ती चालवून घेतली. डोळे मिटले.

निघताना त्यांची पिशवी भरलेली दिसली. "लेकरू नाही राहत तं मी येतो. तुमची पाळी सकाळची, माही दुपारची. पन निजल्या लेकराकडं पाहाचं नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो."

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी, गार्गी छातीवर. तो पूर्ण वाटभर एक शब्द बोलला नाही. इंजिनच थरथरत होते. त्याला सुटी होती.

१२ मे

यंत्रे लागली. दोन्ही कानांमागे, इवलीशी, गुलाबी.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "शुद्धलेखन," – मला तो असेच चिडवतो – "पुढं ये. बारसं राहिलं आहे." वहिनीने गार्गीला पाळण्यात ठेवले. सत्यवतीबाई आणि आई माझ्या मागे धपाटे घालायला उभ्या राहिल्या. मी वाकले, 'कुर्रर्र' केले, आणि पोटातून सारा श्वास ओढून नाव घेतले.

गार्गी दचकली! थेट माझ्याकडे पाहिले, ओठ काढला आणि भोकाड पसरले.

"अगं हळू!" आई ओरडली. "केवढ्याने बोलतेस!"

मला. आयुष्यात प्रथमच.